परड्यातलं दाणापाणी : एक उन्हाळा आणि अर्ध्या पावसाळ्याची वही

१३ एप्रिल २०२५, रविवार

पोतं संपलं. होळीच्या दिवशी फोडलं होतं, तारीख पोत्यावरच मार्करनं लिहून ठेवलेली : १३ मार्च. म्हणजे ५० किलो लेयर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं पीठ केलेलं खाद्य) ३१ दिवसांत गडप.

परड्यात आठ माद्या (त्यातल्या तिघी अजून तलंगाच, अंड्यावर न आलेल्या) आणि एक कोंबडा. अंड्यावरची कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाते. ११० धरले तरी नऊ जणांना किलोभरच लागतं, पोतं ५० दिवस जायला पाहिजे. शिळा भात आणि भाजीची देठं पडतात ती वेगळीच. मग १९ किलो कुणी खाल्लं?

काल जोतिबाची चैत्र यात्रा करून आलोय, कानात अजून गुलाल आहे. डोकं शांत असताना हा हिशेब कागदावर मांडला. आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "कोंबडी उकरायचीच. तिचा धर्म हाय त्यो. तुला हिशेबच कराय पायजे तर दुचाकीच्या पेट्रोलचा कर."

उकरणं मान्य. पण १९ किलो?

१६ एप्रिल, बुधवार

दुसरी पाळी, त्यामुळे दुपारपर्यंत मोकळा. परड्याचा नकाशा काढला. घर कोल्हापूरजवळ पाचगावला, पूर्वेला तोंड, मागं पश्चिमेला परडं. दक्षिणेच्या अंगाला खोलीची सात फुटी भिंत, तिच्या उत्तरेला लागून सहा बाय चारचं खुराडं. मधे पेरूचं झाड. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी मोरी आणि नळ. पश्चिमेला कुंपण, त्यापलीकडं उघडं रान.

सध्याची मांडणी लिहायचीसुद्धा लाज वाटते. दाण्याचं घमेलं खुराड्याच्या आत, बसायच्या दांड्याच्या बरोबर खाली. त्याला चिकटून प्लास्टिकचं पाण्याचं भांडं. घेतलं तेव्हा वाटलं होतं, सगळं एका जागी म्हणजे सोय. रात्री दांड्यावर बसून नऊ जणं खाली काय टाकतात, हे सांगायला नको. पाणी पिताना चोचीतून ओघळतं ते शेजारच्या दाण्यात जातं, आणि दाण्याचं पीठ पाण्यात जाऊन तळाला लगदा बसतो. खालचं भाताचं तूस ओलं, वाकलं की डोळ्यांना झोंबतं. तो अमोनिया. ओल्या तुसात रक्ती हगवणीचं बी चांगलं पोसतं, तेव्हा आतापर्यंत काही झालं नाही हे नशीबच.

पहिली दोन कामं आजच ठरली. दाणा आणि पाणी एकमेकांपासून सहा-सात फूट लांब. आणि दोन्ही खुराड्याबाहेर.

भिंतीची सावली मोजली. १२:३० ला (आपल्याकडं सूर्य खरा डोक्यावर येतो तो साडेबारालाच) जेमतेम दहा इंच. चुन्यानं रेघ मारली. पाण्याचं भांडं खुराड्यातून काढून भिंतीशी ठेवलं, सध्या ते त्या रेघेच्या आत बसतं.

१८ एप्रिल, रात्री १ वाजता

पाळी सुटून साडेबाराला आलो. गाडी लावताना खुराड्यातून खसखस ऐकू आली. टॉर्च मारला. कोंबड्या दांड्यावर मान खुपसून गाढ झोपलेल्या, आणि खाली घमेल्यात दोन घुशी आरामात जेवत बसलेल्या. एकीनं टॉर्चकडं बघितलं, परत खाली तोंड घातलं. घरमालक कोण, हे तिला नीट माहीत होतं. भिंतीच्या बुडाला बीळ, हात जाईल एवढं.

कोंबडीला अंधारात दिसत नाही. दिवेलागणीनंतर ती दाण्याला शिवत नाही, पाण्यालाही नाही. म्हणजे रात्री खुराड्यात ठेवलेला दाणा मी गेले कित्येक महिने घुशींना वाढत होतो, तोही झाकणाविना. त्यांच्या मुतानं लेप्टोचा ताप पसरतो, लेंड्या दाण्यात मिसळतात ते वेगळंच. घमेलं तसंच उचलून बाहेर काढलं. झोप लागेना म्हणून हे लिहितोय.

१८ एप्रिल, दुपार

आईला रात्रीचं सांगितलं. घुशींचं तिला विशेष वाटलं नाही. पण संध्याकाळी दाणा उचलायचा म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. "उपाशी निजवणार व्हय मुक्या जिवास्नी?"

मी दाण्याचा हिशेब करत होतो, ती जिवाचा. पण तिचं एक बरोबर निघालं. कोंबडी निजायच्या आधी तासभर सपाटून खाते. गळ्याखालची पिशवी भरून घेते आणि रात्रभर त्यावर काढते. म्हणजे पाच वाजता दाणा भरपूर पाहिजे, आणि शेवटची कोंबडी दांड्यावर चढली की उचलायचा. आईनं लगेच जबाबदारी घेतली. ती रोज तिन्हीसांजेला एकेकीच्या गळ्याखाली चाचपून बघणार. (बघतेही. ठोकळी नावाच्या कोंबडीला दोनदा खाली उतरवून परत खायला घातलंय.)

बीळ काचेच्या तुकड्यांत सिमेंट कालवून बुजवलं.

२० एप्रिल, रविवार

टांगायचा दाणा. कल्पना माझी नाही, शिंकाळ्याची आहे. आजीच्या घरी दूध-लोणी आढ्याला टांगलेलं असायचं ते मांजराला, मुंगीला, पोरांना पुरवठा बंद करण्यासाठीच. इथं फक्त कोंबडीचा हात पोचला पाहिजे, बाकी कुणाचा नको.

सहा इंची पीव्हीसी पाइपचा दीड फुटाचा तुकडा घरात पडून होता. खाली ॲल्युमिनियमची जुनी परात, मधे तीन बोल्ट, पाइप आणि परातीत बोटभर फट. वरून भरायचं, खाली जेवढं खाल्लं जाईल तेवढंच उतरणार. खुराड्याच्या पश्चिमेला पत्र्याची छोटी पडवी आधीच होती, तिच्या अँगलला तारेनं टांगलं. तारेत मधोमध स्टीलची जुनी ताटली ओवली, वरून उंदीर उतरलाच तर ताटलीवर घसरेल.

उंचीत चूक केली होती. पहिल्यांदा जमिनीपासून चार इंचांवर टांगलं. कोंबड्या परातीत चोच आडवी मारून आवडीचे मक्याचे तुकडे शोधायला लागल्या, बाकीचं मातीत. परातीची कड कोंबडीच्या पाठीच्या रेषेला आली पाहिजे. मग तिला मान किंचित वर करून खावं लागतं आणि चोच मारून उडवता येत नाही. तार आखडून घेतली. तलंगा बुटक्या आहेत, त्यांच्यासाठी खाली एक वीट.

मॅश पाइपमध्ये अडकतो, हे लक्षात आलं. गोळी पेंड सरसर उतरते, पीठ अडून बसतं. येता-जाता पाइपला टपली मारायची. सध्या पोरगा हे काम आवडीनं करतो.

२७ एप्रिल, रविवार

सावली चार इंच! चुन्याची दहा इंचांची रेघ उन्हात, आणि पाण्याचं भांडं भर उन्हात. बोट घातलं, चहाइतकं नाही पण आंघोळीइतकं गरम. दोन कोंबड्या शेजारी चोच उघडी टाकून धापा टाकत उभ्या, पण पाण्याला तोंड लावत नाहीत. कोंबडीला घाम येत नाही, धाप लागूनच उष्णता बाहेर पडते, आणि त्यात पाणी उडून जातं. एरवी पाव लिटर पिणारी कोंबडी अशा दिवसांत दुप्पट पिते. नेमकं तेव्हाच मी तिच्यापुढं गरम पाणी ठेवलेलं.

सावली अशी का पळाली, याचा विचार करताना शाळेतला भूगोल आठवला. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तरेला. सूर्य उत्तरेकडं सरकत सरकत मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बरोबर माथ्यावर येणार, तो शून्य सावलीचा दिवस. त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारी तो आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे उत्तरेच्या बाजूची सावली आता नाहीशीच होणार, उलट भिंतीच्या दक्षिणेला पडणार. भिंतीच्या भरवशावर पाण्याची जागा ठरवायची तर ती वर्षातून दोनदा बदलावी लागेल.

भांडं उचललं आणि पेरूच्या बुंध्याशी नेलं. शेजारी मातीचं जुनं माठाचं बूडही भरून ठेवलं, त्यात पाणी गार राहतं.

३० एप्रिल, बुधवार

पेरूखाली नवीनच ताप. झाडावर कावळे आणि पारवे. संध्याकाळपर्यंत माठाच्या बुडात पानं, पेरूची फुलं आणि वरून आलेला प्रसाद. रानपाखरांच्या विष्ठेतून मानमोडी येऊ शकते. आमच्या कोंबड्यांना लस टोचलेली आहे, पण म्हणून आमंत्रण द्यायचं असं थोडंच. (मानमोडीला इंग्रजीत न्यूकॅसल, आणि आपल्या पुस्तकांत राणीखेत. दोन गावांची नावं मिरवणारा हा रोग एकाही गावाचा नाही, सगळीकडं फिरतो.)

उघडं पाणी बंद करायचं. झाकणाची बादली आणि बुडाला निपल, म्हणजे चोचीनं टोचलं की थेंब सोडणारी तोटी.

४ मे, रविवार

कॅन्टीनमधली लोणच्याची १० लिटरची बादली. तीन दिवस सोडा घालून उन्हात ठेवली तेव्हा कुठं मोहरीचा वास गेला. बुडाला तीन लाल निपल. भोक निपलच्या आट्यांपेक्षा किंचित बारीक पाडलं, म्हणजे आवळून बसतात. पेरूच्या फांदीला टांगली. निपल कोंबडीच्या डोक्याच्या थोडं वर, चोच वर करून टोचता येईल असं.

बोटानं निपल दाबून थेंब लोंबकळत ठेवला. कोंबडा आला, एक डोळा लावून थेंबाकडं बघितलं आणि टोचलं. मग सगळी पलटण. माठाचं बूड मात्र आठवडाभर तसंच ठेवणार. नवीन ठिकाणी पाणी आहे हे एखादीला कळलंच नाही तर दिवसभर तहानेनं राहील, आणि तहानलेली कोंबडी अंडं बंद करते.

६ मे, मंगळवार

फजिती. दुपारी सगळ्या माठाच्या रिकाम्या बुडापाशी जमलेल्या, निपलला टोचून टोचून दमल्या, थेंब येईना. बादली तर निम्मी भरलेली. वाटलं, बोअरच्या पाण्याचे क्षार अडकले. एक निपल काढून फुंकला, स्वच्छ होता. मग झाकण उघडलं तर 'फस्स'. झाकण इतकं घट्ट बसलेलं की पाणी खाली उतरायला वरून हवाच जात नव्हती.

झाकणाला खिळ्याएवढं एक भोक. एवढंच. फौंड्रीत मी दिवसभर साच्यांना हवा सुटायची छिद्रं आहेत का ते तपासतो. हे घरी कुणाला सांगितलेलं नाही.

साडेबाराला मुद्दाम भिंत बघितली. सावली नाही. भिंतीच्या बुडाला लावलेल्या बांबूचीही नाही.

११ मे, रविवार

उद्यमनगरातल्या दोस्तानं पायपट्टीचा डबा बनवून आणला. कोंबडी पट्टीवर उभी राहिली की झाकण उघडतं, उतरली की मिटतं. काम झकास, वेल्डिंगही देखणं. पण तलंगांच्या वजनानं पट्टी हलेना. शेवटी कोंबडा पट्टीवर उभा राहून आरवत राहिला आणि त्याच्या बायका शेजारून जेवून गेल्या. डबा दोस्ताला परत. शिंकाळंच बरं.

१४ मे, बुधवार

साठवणीचं काम. दाण्याचं पोतं आतापर्यंत खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून, फरशीवर. खालचा भाग गार लागतो, म्हणजे ओल चढतेय. १५ किलोच्या तेलाचे पाच रिकामे डबे आणले, पत्र्याच्या दुकानात झाकण आणि कडी मारून घेतली. एका डब्यात दहा किलोच्या आसपास मॅश बसतो. एक उघडला तरी चार बंद राहतात, ही पोत्यापेक्षा मोठी सोय. खाली फळ्या, मागं भिंतीपासून वीतभर अंतर.

डबे परड्याच्या टोकाला, पडवीजवळ ठेवणार होतो. बायकोनं विचारलं, "सकाळी सहाला दार कोण उघडतं? दाणा कोण भरतं?" ती. मागच्या दारापासून पडवीपर्यंत तिनं पावलं मोजून दाखवली, अडतीस. जाऊन-येऊन शहात्तर, हातात डबा आणि पायात चिखल, तेही जून-जुलैत. डबे मागच्या दाराच्या आत आले. एक महिना कोंबड्यांची सोय, सावली, घूस सगळं मोजलं. रोज वाढणाऱ्या माणसाची पावलं मोजली नव्हती.

चिखलीच्या ताईला फोनवर हे सांगितलं तर ती हसली. २०१९ च्या महापुरात तिनं कोंबड्या डालग्यात घालून गच्चीवर नेल्या, आणि दाण्याचं पोतं खालीच राहिलं. तिच्याकडं तेव्हापासून पावसाळ्यात दाणा माळ्यावर. पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर आली की इशारा, ४३ ला धोका. ताई ३५ लाच डबे वर चढवते.

२१ मे, बुधवार

माझं वेळापत्रक होतं की मृगाच्या आधी, ७ जूनपर्यंत, पडवीला पावसाचा बंदोबस्त करायचा. पाऊस कालपासूनच लागून राहिलाय. वळीव म्हणावा तर वळीव तासाभरात जातो, हा मुक्कामाला आल्यासारखा पडतोय.

२३ मे, शुक्रवार

पडवी पश्चिमेला! आणि आपल्याकडं पाऊस येतो तोच पश्चिमेकडून, झड मारत. वर पत्रा असून काय उपयोग, आडवं पाणी सरळ परातीत. पाइपच्या खालच्या निम्म्यात मॅशचा गिलावा झालेला. वास घेतला, आंबूस. आत हात घातला तर गोळ्यांवर हिरवट बुरा.

साधारण तीन किलो. आई म्हणाली, तव्यावर गरम करून, वाळवून घाल की. इथं मात्र मी ऐकलं नाही. बुरा वाळतो, पण मका-शेंगपेंडेवरच्या बुऱ्यानं सोडलेलं अफ्लाटॉक्सिन वाळवून किंवा भाजून जात नाही, ते कोंबडीचं यकृत खातं. उकिरड्यावरही टाकलं नाही, कोंबड्या तिथंच उकरतात. खड्डा काढून पुरलं. आई दिवसभर बोलली नाही. अन्न पुरणं तिला पटणारं नाही आणि ते मला कळतं.

२५ मे, रविवार

मान्सून काल केरळात पोचला, २००९ नंतर पहिल्यांदाच इतका लवकर. आज तळकोकणातही.

भर पावसात शिंकाळं हलवलं. खुराड्याच्या पूर्वेला, घराच्या आणि खुराड्याच्या मधल्या बोळात. पश्चिमेची झड खुराडं स्वतःच अडवतं. वर पत्रा, पुढं दीड फूट जास्त काढला. खाली फरशीचे तुकडे, चिखल नको म्हणून. मागच्या दारापासून आता अकरा पावलं. ही जागा पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर होती. फक्त तिथं माझी गाडी लागायची.

दुसरं पोतं आज संपलं. १३ एप्रिल ते २५ मे, ४२ दिवस. त्यातले तीन किलो पुरलेले.

पावसाळ्यात ५० चं पोतं आणायचं नाही, २५ चंच. आणि पाइप गळ्यापर्यंत भरायचा नाही, त्या दिवशी लागेल तेवढाच.

१८ जून, बुधवार

२५ किलोचं पोतं २४ दिवस गेलं. हिशेबानं २५ जायला पाहिजे होतं. पावसात बाहेर चरायला कमी मिळतं, तेव्हा एक दिवस त्यांना सोडला.

पाण्याची बादली पेरूखालीच आहे. पावसात झाकणामुळं आत पाणी जात नाही, पण ऊन नसल्यानं आतून बुळबुळीत होते. दर रविवारी ब्रश. निपल रोज बोटानं दाबून बघायचा, हे पोराचं काम.

शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत, दाण्याच्या जवळ, कोरड्यात. अंड्यावर असणारी हवा तेवढा उचलते, कोंबडा ढुंकूनही बघत नाही. मे महिन्यात कवचं पातळ येत होती, धापा टाकण्याचा तोही एक परिणाम. आता बरी आहेत.

२० जून, शुक्रवार

ठोकळी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली. आईनं लगेच सात अंडी घालून तिला खोलीत बसवली. दाणापाणी घरट्याला चिकटून ठेवू नको म्हणाली. दिवसातून एकदा उठून चार पावलं जाते, खाते, पिते, विष्ठा टाकते आणि परत बसते. जवळ ठेवलं तर तिथंच घाण करील. याबाबत आईचं ज्ञान माझ्या वहीच्या पुढं आहे.

११ जुलै, शुक्रवार

बरोबर एकविसावा दिवस. पाच पिल्लं बाहेर, एक अंडं टोचलेलं, एक गार.

आज आषाढातला शुक्रवार. सकाळपासून पी-ढबाक वाद्य वाजतंय, पंचगंगेचं नवं पाणी घेऊन मंडळं त्र्यंबोली देवीला निघालीत. मामा आलाय. परड्यात उभा राहून तो कोंबड्याकडं फार प्रेमानं बघत होता. मी कोंबडा बोळात नेऊन दार लावून घेतलं.

१३ जुलै, रविवार

तीन महिने बसवलेली सगळी मांडणी पिल्लांना कुचकामी. परात त्यांच्या डोक्याच्या दुप्पट उंच, निपल आभाळात. आणि कोंबड्यांचा लेयर मॅश त्यांना चालतही नाही, अंड्यासाठी घातलेला चुना एवढ्याशा मूत्रपिंडांना सोसत नाही. चिक स्टार्टर वेगळा आणला. पण तो खाली ठेवला की मोठ्या कोंबड्या दोन मिनिटांत फस्त करतात.

पाण्यासाठी उथळ ताटली, त्यात खडे भरले. खड्यांच्या फटीतून चोच जाते, पिल्लू पडलं तरी बुडत नाही.

दाण्याचं आईनं सोडवलं. माळ्यावरून तिचं जुनं डालगं काढलं, ज्याखाली आजवर कोंबड्या कोंडल्या. तीन विटांवर पालथं ठेवलं, खालून तीन बोटं फट. आत स्टार्टरची वाटी. पिल्लं फटीतून आत जातात, मोठ्या बाहेरच. ठोकळी डालग्याभोवती फेऱ्या मारत ओरडतेय. तिला आत जायचंय. तिच्यासाठी आईनं एका बाजूला चौथी वीट सरकवली, आणि आता तिथं कोंबडाही मान घालून बघतोय.